सिडनीच्या रानात वसंतातली फुलं बघायला निघताना

महाराष्ट्रात भाद्रपद-आश्विन असतो तेव्हा सिडनीत वसंत असतो, आणि इथल्या वालुकाश्माच्या टेकड्यांवरचं झुडपी रान फुलतं. कासच्या पठारासारखा गालिचा डोळ्यांत धरून गेलात तर पहिला तासभर काहीच दिसणार नाही. इथल्या मातीत फॉस्फरस अगदी कमी, त्यामुळे पानं बारीक, कडक, टोचरी, आणि त्यांच्या आत दडलेली नखाएवढी फुलं. ती दिसतात ती थांबून, वाकून बघणाऱ्याला. म्हणून सगळी तयारी निवांत गुडघे टेकून बसता यावं यासाठी करायची.

आधी आठवडा ठरवा. गुलाबी बोरोनिया आणि वॅक्सफ्लॉवर हवी असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, लाल वाराटा सप्टेंबर-ऑक्टोबर, लोकरीसारखं मऊ पांढरं फ्लॅनेल फ्लॉवर सप्टेंबरपासून पुढे. मुलं सोबत असतील तर कु-रिंग-गाई चेस उद्यानातला वेस्ट हेड रस्त्यावरचा एल्विना ट्रॅक आम्ही आधी सुचवू, कारण वाट रुंद आहे आणि फुलं दोन्ही कडांना. जवळच्या सपाट कातळावर आदिवासींची कोरीव चित्रं आहेत, त्यांवर पाय देऊ नये. भाल्यासारख्या उंच दांड्यावरची लालभडक गायमिया लिली बघायची तर दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्क, १८७९ साली घोषित झालेलं. कावनजवळचं मुओगामारा हे राखीव रान मात्र वसंतातले मोजकेच शनिवार-रविवार उघडतं. तिथलं बुकिंग आधी करा.

आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर सूचना वाचा. वणव्याचा धोका कमी करायला गवत-पालापाचोळा मुद्दाम जाळतात आणि वाटा अचानक बंद होतात. पूर्वी जळलेला भाग दिसला तर टाळू नका. फ्लॅनेल फ्लॉवर आणि ग्रासट्री आगीनंतरच्या काळात जास्त भरभरून येतात.

हवामान बघताना पावसाइतकंच ढगांकडे लक्ष द्या. सन ऑर्किड ऊन आणि ऊब मिळाली तरच उघडतं, ढगाळ दिवशी नुसत्या कळ्या बघून परतावं लागतं. जांभळ्या पॅटरसोनियाचं उलट: एकेक फूल दिवसभरही टिकत नाही, दुपारी कोमेजतं. म्हणून सातला वाटेवर असावं, पक्षी आणि पॅटरसोनिया आधी बघावेत, दहानंतर ऑर्किड. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, त्यानंतर हे सगळंही तासभर उशिरा धरा.

पिशवीत सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे १० पटींचं घडीचं भिंग. ते डोळ्याला चिकटवून फुलाजवळ जायचं. फूल तोडून भिंगाजवळ आणायचं नाही. पूजेसाठी चार फुलंसुद्धा नकोत, उद्यानात फूल तोडणं कायद्याने गुन्हा आहे. भिंगाखाली बघण्यासारखं पहिलं फूल ट्रिगरप्लांटचं. कीटक बसला की त्याचा वाकलेला दांडा फटकन उसळतो, पाठीवर पराग थापतो आणि काही मिनिटांत पुन्हा जागेवर येतो. दुर्बीण ८×४२ पुरते, पण दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसणारी घ्या. ग्रेव्हिलियाच्या झुडपावर बाकदार चोचीचा ईस्टर्न स्पाइनबिल पक्षी इतका जवळ येतो. गुडघ्याखाली घ्यायला जुन्या योगा मॅटचा ३०×४० सेंटिमीटर तुकडा कापा, आणि तो वाटेवर किंवा उघड्या कातळावरच टाका, शेवाळावर नाही.

लहान प्राण्यांसाठी मुख्य तयारी म्हणजे हळू चालणं. तासाला एक किलोमीटर पुरे. एकिड्ना, म्हणजे मुंग्या खाणारा काटेरी प्राणी, दिसला तर जागीच उभे राहा. त्याची नजर अधू असते पण पावलांचा हादरा त्याला कळतो. कातळावर ऊन खाणारे सरडे तुमची सावली अंगावर पडली की पळतात, तेव्हा सूर्य समोर किंवा बाजूला ठेवा. चार मिलिमीटरची काळी, नांगी न मारणारी देशी मधमाशी साधारण १८ अंशांच्या वर हवा गेली की बाहेर पडते. सपाट दगड उचलून बघायचा मोह मात्र आवरा. त्याखालच्या फटीत गेको म्हणजे रानपाली आणि दुर्मिळ ब्रॉड-हेडेड साप राहतात. दगड परत ठेवताना जरा सरकला तरी ती फट त्यांच्या कामाची राहत नाही.

कपडे फिक्या रंगाचे, लांब बाह्यांचे, पँट मोज्यांत खोचलेली, कारण वसंत हा पॅरालिसिस गोचिडीचा हंगाम. उघड्या त्वचेला डीट किंवा पिकारिडिन असलेलं कीटक दूर ठेवणारं औषध लावा. गोचीड चावलीच तर बोटांनी किंवा भुवयांच्या चिमट्याने ओढू नका. दाबली गेली की लाळ आत सोडते आणि ॲलर्जी असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ईथरच्या स्प्रेने ती जागीच गोठवून मारा, मग आपोआप गळू द्या.

सापांसाठी १० ते १५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन ताणपट्ट्या हव्यात. ताण बरोबर बसला की पट्टीवरच्या छापील आयताचा चौरस होतो, अशी पट्टी घेतलीत तर चूक होत नाही. दंश झाला तर जागा धुवायची नाही, कारण विषाचा प्रकार ओळखायला त्वचेवरचा अंश लागतो. एक पट्टी दंशावर घट्ट, दुसरी बोटांपासून वरपर्यंत पूर्ण हातापायाला, मग काठीचा आधार बांधून माणसाला अजिबात चालू न देता ०००ला फोन. घाटात रेंज जाते, म्हणून वाट आणि परतीची वेळ घरी कुणाला तरी सांगून निघा. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, सनस्क्रीन. कुत्रा घरीच.

बुटांची तयारी दोनदा, जाताना आणि आल्यावर. मातीतून फायटोफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग पसरतो आणि वाराटा, ग्रासट्री उभी वाळतात. आधी ब्रशने तळ खरवडून माती पूर्ण काढा, मग ७० टक्के मेथिलेटेड स्पिरिट फवारा. चिखलावरूनच फवारलं तर आत पोचत नाही. ऑर्किडचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर नेमकी जागा झाकण्याचा पर्याय निवडा, कंद उकरून नेणारे लोक अशाच नोंदी शोधतात. घरी आल्यावर कपडे धुवायच्या आधी वीस मिनिटं गरम ड्रायरमध्ये फिरवा आणि मुलांच्या केसांत, कानांमागे, काखेत गोचीड आहे का ते त्याच संध्याकाळी बघा.