टीम बिल्डिंगचं सत्र घेताय? आधी खेळ, मग चाचणी

एचआर किंवा ट्रेनिंगमध्ये नव्याने लागलात की कधी ना कधी हे काम गळ्यात पडतंच: "टीमसाठी काहीतरी घ्या ना, पर्सनॅलिटी टेस्ट वगैरे, थोडं मजेशीर." अशी सत्रं बरीच घेतल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. बहुतेक जण सकाळी चाचणी उरकतात आणि जेवणानंतर खेळ घेतात. हा क्रम उलटा करा.

स्वभाव-चाचणीतून मिळणारं चार अक्षरांचं लेबल (उदाहरणार्थ आयएनटीजे) एकदा हातात पडलं की माणसं दिवसभर त्याला जागायला लागतात. "मी इंट्रोव्हर्ट आहे बुवा" म्हणत एखादा मागच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि मग बाकीचेही त्याला काही विचारेनासे होतात. आधी सगळ्यांनी मिळून काहीतरी केलं असेल तर बोलायला ताजा, सगळ्यांनी पाहिलेला प्रसंग असतो. स्वभावाचे शब्द त्यानंतर आले की ते त्या प्रसंगाला चिकटतात, माणसाला नाही.

खेळांत माझा आवडता म्हणजे पीटर स्किलमन यांचा मार्शमॅलो चॅलेंज. चौघांच्या गटाला कच्च्या स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमॅलो (मऊ, फुगीर गोड गोळा) द्यायचा. १८ मिनिटांत जमेल तितका उंच मनोरा उभा करायचा, मार्शमॅलो टोकावर. मोठी माणसं हमखास चर्चा करतात, आराखडा काढतात, काड्या जोडतात आणि शेवटच्या मिनिटाला मार्शमॅलो वर ठेवतात. तो दिसतो त्यापेक्षा जड असतो आणि डोलारा वाकतो. बालवाडीतली मुलं यात बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरतात असं हा खेळ जगभर पोहोचवणारे टॉम वूजेक सांगतात, कारण मुलं मार्शमॅलो पहिल्यापासून लावून बघतात, पडला की पुन्हा लावतात.

पण मनोऱ्याची उंची हा तुमचा विषय नाही. तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन उभं राहायचं. सामानाला पहिला हात कोणी घातला? घड्याळाकडे कोण बघत होतं? आणि सगळ्यात मोलाचं: कोणाची सूचना आधी हवेत विरली आणि तीच दुसऱ्याने मांडल्यावर उचलली गेली? नोंद क्रियापदांत करा, विशेषणांत नको. "दोनदा बोलली, मग गप्प झाली" असं लिहा. "लाजाळू" असं लिहाल तर तुम्हीही लेबलच लावलंत.

दुसरा प्रकार अगदी साधा, कागद-पेन्सिलीचा. बर्न्ड रोरबाख यांची ६-३-५ पद्धत १९६८ सालची आहे: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पनांपर्यंत मजल जाते. त्यातल्या निम्म्याअधिक टाकाऊ असतील, असू द्या. तोंडी ब्रेनस्टॉर्मिंगमध्ये एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचं सुचलेलं निसटतं किंवा "जाऊ दे" म्हणून गिळलं जातं. कागदावर मात्र मोठ्या आवाजाचा काही फायदा नसतो.

खेळाला जेवढा वेळ, किमान तेवढाच नंतरच्या गप्पांना ठेवा. नवखे लोक इथेच घाई करतात, कारण खेळ रंगलेला असतो आणि चर्चा अवघड असते. "काय शिकलात?" असं विचारू नका; त्याला ठरावीक, गुळगुळीत उत्तरंच येतात. "मनोरा वाकायला लागला तेव्हा तुमच्या गटात पहिलं वाक्य कोण काय बोललं?" असं विचारा. साहेब सत्रात असतील तर त्यांना त्यांच्या थेट हाताखालच्या लोकांच्या गटात बसवू नका. आणि मार्कर त्यांच्या हातात जाऊ देऊ नका, ही माझी जुनी खोड.

आता चाचणी. एमबीटीआय, म्हणजे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर ही स्वभाव-चाचणी, तुम्हाला माहीत असेलच. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ती घडवली: इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्टसारख्या चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर, एकूण सोळा प्रकार. अडचण अशी की गुण दोन टोकांना गोळा होत नाहीत, बरेच जण मधेच असतात. मधल्या रेषेच्या जरा अलीकडचा इंट्रोव्हर्ट ठरतो, जरा पलीकडचा एक्स्ट्रोव्हर्ट, आणि प्रत्यक्षात दोघांत फरक नावापुरताच. काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली तर अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. संशोधकांचा जास्त भरवसा बिग फाइव्हवर, म्हणजे स्वभावाचे पाच पैलू कमी-जास्त मोजणाऱ्या पद्धतीवर आहे, पण सहकाऱ्यांसमोर कोणाला न्यूरोटिसिझमचा (चटकन चिंता, अस्वस्थता वाटण्याचा) गुण वाचून दाखवायची हिंमत मला तरी होत नाही. टीमसाठी मला मेरेडिथ बेलबिन यांनी सांगितलेल्या गटातल्या नऊ भूमिका बऱ्या वाटतात. त्या माणूस कसा आहे यापेक्षा तो गटात काय करतो यावर बोलतात.

चाचणीचा निकाल वाटण्याआधी एक गंमत जरूर करा. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी विद्यार्थ्यांना 'तुमचं वैयक्तिक विश्लेषण' म्हणून एकच मजकूर सगळ्यांना दिला. तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तुमच्या गटात असाच सरधोपट परिच्छेद वाटा, माना डोलू द्या, मग शेजाऱ्याचा कागद बघायला सांगा. हशा पिकतो, आणि पुढचे निकाल लोक जरा सैल हाताने धरतात.

मग प्रत्येकाने आधी स्वतःचा अंदाज लिहायचा, नंतर निकालाशी ताडून बघायचा, आणि मनोऱ्याच्या वेळी आपण तसे वागलो का हे सांगायचं. सांगायचं नसेल तर नाही सांगायचं; हे सुरुवातीलाच जाहीर करा.

सत्रानंतर मॅनेजर हमखास सगळ्यांच्या प्रकारांचा तक्ता मागतात. देऊ नका. एमबीटीआयचे प्रकाशक स्वतःच ती भरतीसाठी वापरू नका म्हणतात, मग बढतीच्या फाइलमध्ये तिचं काय काम? त्याऐवजी टीमने स्वतः ठरवलेला एकच बदल लिहून द्या, उदाहरणार्थ मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवणं, म्हणजे विचार करून बोलणाऱ्यांना तयारीला वेळ मिळेल. महिनाभराने त्यांच्या एखाद्या मीटिंगला जाऊन बसा आणि मुद्दे खरंच आदल्या दिवशी आले होते का ते विचारा.