ठिकाण बरोबर, वेळ चुकली: परदेशी सुट्टी आखताना या चुका टाळा

परदेशी सहल फसते तेव्हा दोष सहसा ठिकाणाचा नसतो. फुकेत, इबिझा, दुब्रोव्हनिक, व्हेनिस ही सगळी उत्तमच ठिकाणं. चुकतो तो महिना, वार किंवा तास. फोटो पाहून जागा ठरते, स्वस्त तिकीट दिसलं की तारीख ठरते, आणि त्या तारखेला तिथला समुद्र कसा असतो, क्लब उघडे असतात का, संग्रहालयाला सुट्टी कधी, हे बघायचं राहूनच जातं.

किनारा निवडला, पण कोणत्या बाजूचा?

'थायलंडला पावसाळा कधी असतो?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे फुकेत आणि क्राबीला, साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि समुद्र खवळलेला. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतात. पलीकडे थायलंडच्या आखातात को सामुई बेटाला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणजे एकाच देशात ऑगस्टला सामुई बरं आणि जानेवारी-फेब्रुवारीला फुकेत. याच अंदमान बाजूच्या माया बे या खाडीचा किनारा पर्यटकांच्या गर्दीने खराब झाला म्हणून 2018 मध्ये बंद केला होता. जानेवारी 2022 मध्ये तो उघडला, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अजूनही दरवर्षी बंद ठेवतात. कॅरिबियनमध्ये 1 जून ते 30 नोव्हेंबर हा अधिकृत वादळांचा मोसम. रिसॉर्टचे दर एकदम उतरलेले दिसले की आनंद नंतर करावा, आधी कॅलेंडर बघावं.

बुकिंग होऊन गेलं असेल तर देश बदलायची गरज नसते, किनारा बदलता येतो का ते बघा. विमानाचं तिकीट तेच ठेवून हॉटेल दुसऱ्या बाजूला हलवणं सगळं रद्द करण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि जायचंच असेल तर किनाऱ्यावरचे झेंडे वाचायला शिका. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधला पट्टा जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो, पोहायचं तिथेच. पाणी आत खेचू लागलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडत बसू नका. त्याने फक्त दम संपतो. ओढीचा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो, तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूला व्हायचं आणि मग तिरकं किनाऱ्याकडे यायचं.

मालदीवमध्ये वेगळीच गंमत होते. लांबच्या बेटांवर सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जावं लागतं आणि ती विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं की ती रात्र विमानतळाजवळच काढायची, आणि रिसॉर्टच्या महागड्या पहिल्या रात्रीचे पैसे पाण्यात. तिकीट काढण्याआधी रिसॉर्टला एकच प्रश्न विचारा: शेवटचं सीप्लेन गाठायला किती वाजेपर्यंत उतरायला हवं? वेळ जमत नसेल तर स्पीडबोटीने पोहोचता येईल असं जवळचं बेट घ्या. स्वस्त म्हणून स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर चालतात.

ग्रीसच्या बेटांचं दुखणं पावसाचं नसून वाऱ्याचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस सुटलेला असतो. आकाश निळंशार आणि फेरी रद्द, असं सहज होतं. म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशीच बेट सोडायचा बेत कधीच करू नये, आदली रात्र अथेन्समध्येच काढावी. सँटोरिनीला तर आणखी एक फसगत ठरलेली. फोटोतली पांढरी घरं कड्याच्या टोकावर आहेत, तिथे किनारा नाही. काळ्या वाळूचे किनारे, कामारी आणि पेरिसा, बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहेत. 'सी व्ह्यू' खोलीतून समुद्र दिसतो, एवढंच त्या शब्दांत वचन असतं.

रात्रीचं घड्याळ

स्पेनच्या इबिझा बेटावरचे मोठे क्लब साधारण एप्रिलअखेर किंवा मेमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसम आटोपतो. नोव्हेंबरात गेलात तर शांत बेट मिळेल. ते सुंदरच असतं, फक्त तुम्ही त्यासाठी गेलेले नसता.

दुसरी चूक तासांची. स्पेनमध्ये जेवणच रात्री नऊ-दहाला सुरू होतं आणि क्लबात खरी गर्दी एक-दीडनंतर. अकरा वाजता जाऊन रिकाम्या हॉलमध्ये बसायचं, कंटाळून परतायचं आणि 'इथे काही दम नाही' असा शेरा मारायचा, हे नेहमीचंच. जे खरोखर पहाटेपर्यंत थांबतात तेच दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचं गाइडेड टूरचं तिकीट काढून बसलेले असतात! रात्र जागवायची असेल तर पुढची सकाळ कोरी ठेवा.

राहायची जागा बारच्या गल्लीत घ्यायची की लांब? माझं मत विचाराल तर दहा-पंधरा मिनिटं चालत येता येईल अशी. अगदी बारच्या वर राहिलात तर तुम्ही लवकर झोपायचं ठरवलं त्या रात्रीही गल्ली झोपत नाही. फार लांब राहिलात तर शेवटची मेट्रो गेल्यावर टॅक्सीवाला म्हणेल तो दर.

रस्त्यात ओळख काढून 'मला एक मस्त बार माहीत आहे' म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. अशा बारमध्ये दराचं कार्ड दाखवत नाहीत, बिल मात्र दाखवतात. एवढं होऊनही अडकलात तर वाद न घालता बिल लेखी मागा, पोलिसांना फोन लावतोय हे मोठ्याने सांगा आणि कार्डाने पैसे भरावे लागलेच तर बाहेर पडताच बँकेकडे तक्रार नोंदवा. फुकट शॉट्सच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवं. नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसमधल्या वांग वियांगला मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला. सीलबंद बाटली किंवा बिअर बरी. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं तर हँगओव्हर समजून झोपू नका, सरळ रुग्णालय गाठा.

जुनी शहरं: वार बघा, चाकं विसरा

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफीझी कलादालन सोमवारी. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र सकाळी फुकट, आणि म्हणूनच त्या दिवशी रांग संपता संपत नाही. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्याचं तिकीट नावावर मिळतं, दारात पासपोर्ट लागतो, आणि त्यातल्या नास्रिद महालांत तिकिटावर छापलेल्या वेळेलाच सोडतात. वेळ हुकली तर बाकीचा परिसर बघायला मिळतो, महाल नाहीत. तिकिटं संपलेली दिसली तर निराश होण्याआधी रात्रीच्या भेटीची तिकिटं शिल्लक आहेत का ते बघा.

व्हेनिसमध्ये 2024 पासून मोसमातल्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चारच्या दरम्यान, एका दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. 2025 मध्ये ते आधी भरल्यास 5 युरो आणि ऐन वेळी 10 युरो होतं. रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असतं. तसंही अशा शहरांत एक रात्र राहण्यातच शहाणपण आहे. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकच्या तटबंदीवर दुपारी क्रूझवरून उतरलेली गर्दी असते, सकाळी आठला तीच तटबंदी मोकळी.

सामान मात्र कमी न्या. दुब्रोव्हनिकच्या कोटाच्या आत गाड्या जात नाहीत. टॅक्सी दरवाज्याशी सोडते, आणि 'मध्यवर्ती' म्हणून घेतलेली खोली शंभरेक पायऱ्या चढून असू शकते. वर्णनात पायऱ्यांचा उल्लेख नसेल तर घरमालकाला विचारावं. इटलीत गाडी भाड्याने घेणार असाल तर जुन्या शहरांच्या वेशीवर 'झेडटीएल'ची पाटी ओळखा. आत फक्त परवानाधारक गाड्यांना मुभा असते आणि कॅमेरा नंबर टिपतो. दंड काही महिन्यांनी घरी येतो, वर भाड्याच्या कंपनीची हाताळणी फी वेगळी. हॉटेल त्या भागात असेल तर चेक-इनलाच गाडीचा नंबर द्या, बरीच हॉटेलं तो नोंदवून देतात.

कागदांवर घोडं अडतं ते इथे

व्हिसा लागत असेल तर तो किती वेळा प्रवेश देतो ते वाचा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. दुब्रोव्हनिकहून लोक हौसेने मोस्तार किंवा कोटोरची एक दिवसाची सहल घेतात. मोस्तार बोस्नियात आणि कोटोर माँटेनेग्रोत, दोन्ही शेंगेनबाहेर. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर संध्याकाळी परतताना सीमेवर तो संपलेला असतो, सामान दुब्रोव्हनिकच्या हॉटेलात आणि तुम्ही पलीकडे. क्रोएशियातल्याच स्प्लिट शहराहून रस्त्याने दुब्रोव्हनिकला येतानाही पूर्वी बोस्नियाचा चिंचोळा पट्टा ओलांडावा लागे. 2022 मध्ये पेल्येशात्स पूल झाल्यापासून तो टाळता येतो, फक्त नकाशाच्या ॲपने सुचवलेला मार्ग पुलावरून जातो ना, एवढं तपासा.

शेंगेनसाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि व्हिसासाठीच्या विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोचं हवं. इंडोनेशियासारखे देश पासपोर्टची सहा महिन्यांची वैधता मागतात.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करताना पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायला त्या देशात उतरावं लागतं, म्हणजे कदाचित तिथलाही व्हिसा.

बुकिंगचा क्रमही उलटा करून बघा. आधी वेळेची तिकिटं, मग फेरी किंवा सीप्लेन, त्यात बसणारं विमान, आणि हॉटेल सर्वांत शेवटी. हॉटेलं बहुतेक वेळा फुकट रद्द करता येतात, अल्हाम्ब्राची वेळ नाही.