‘हेज’ दिसला की आधी थांबा

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायला नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यातच ‘हेज’ (hedge) हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी असलेली चार वाक्यं देते. बहुतेक जण चारही ठिकाणी ‘कुंपण’ लिहितात. कुंपण तारेचंही असतं. हेज मात्र जिवंत झुडपांचं. इंग्रज सरकारने भारतात मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवायला मैलोन्‌मैल काटेरी झुडपं लावली होती. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत असलेले ॲलन ह्यूम तेव्हा काही काळ हा कर वसूल करणाऱ्या जकात खात्याचे आयुक्त होते. १८७९ मध्ये ती नाकेबंदी उठली. तिथे ‘काटेरी कुंपण’ चपखल बसतं.

माझी चूक झाली ती दुसऱ्याच अर्थात. रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकात मूळ वाक्याचा आशय होता, ‘या औषधाने सूज कमी होऊ शकते, असे दिसते.’ मी लिहिलं, ‘या औषधाने सूज कमी होते.’ वाक्य सुटसुटीत झालं म्हणून खूश होते. तपासणाऱ्या बाईंनी ‘होते’भोवती लाल गोल काढला आणि विचारलं, “ही खात्री तुला कुणी दिली?” तो प्रश्न अजून सोबत आहे.

विधानाला मर्यादा घालणाऱ्या अशा शब्दांनाही हेजच म्हणतात. जॉर्ज लेकॉफ यांच्या १९७२ च्या लेखानंतर भाषाविज्ञानात ही संज्ञा रुळली. मराठीत हे काम पुष्कळदा क्रियापदच करतं. खिडकीत दिवा दिसला तर आपण म्हणतो, ‘घरात कोणी असावं.’ काहीच दिसत नसलं तर, ‘असेल कोणीतरी.’ पहिल्यात पुरावा आहे, दुसऱ्यात नुसता अंदाज. शोधनिबंध मराठीत आणताना हा फरक जिवापाड जपा. सगळीकडे ‘शक्यता आहे’ चिकटवू नका.

अर्थविषयक मजकुरात सरळ ‘हेजिंग’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे उलगडून सांगा. गोदामात हळद आहे, भाव पडायची भीती आहे, म्हणून व्यापारी वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेचे व्यवहार आज ठरलेल्या भावाने होतात तिथे, आजच विक्रीचा सौदा करतो. भाव पडला तर मालातला तोटा सौद्यातल्या नफ्याने बराचसा भरून निघतो. चढला तर उलट. ‘हेज फंड’ (बड्या गुंतवणूकदारांचा पैसा गुंतवणारा एक प्रकारचा फंड) तसाच ठेवा.

आणि एखादा पुढारी ‘हेज’ करतोय असं वाचलंत, तर आपल्याकडे ‘दोन्ही डगरींवर हात’ तयार आहे. फक्त त्यात टीका आहे. मूळ लेखकाला ती करायची होती का, हे आधी पाहा.