पिकअपचं सेंट्रल लॉक बंद पडलं तर

कापूस भरून जिनिंगला निघायचं आणि दरवाजे लॉकच होत नाहीत, अशा वेळी मेकॅनिक गाठण्याआधी एवढं पाहा : सगळ्या दरवाजांचं लॉक बंद पडलंय की एकाचंच?

सगळे एकदम गेले तर आधी फ्यूज. गाडीसोबतच आलेल्या लॉकचा फ्यूज फ्यूजबॉक्समध्ये असतो, कोणता ते झाकणावरच्या नकाशात सापडतं. पण यवतमाळ-अकोल्याकडच्या पुष्कळ पिकअपना लॉक बाहेरून बसवलेलं असतं. त्याचा फ्यूज बॉक्समध्ये शोधत बसू नका. डॅशबोर्डखाली कंट्रोल युनिटला (लॉक चालवणाऱ्या डबीला) जाणाऱ्या पॉझिटिव्ह वायरवर छोट्या होल्डरमध्ये तो सापडेल. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जळालेला ज्या आकड्याचा, त्याच आकड्याचा नवा टाका. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार मुळीच नको. शॉर्ट झालं तर फ्यूजच्या जागी वायर जळते, आणि मागं कापूस भरलेला असतो!

एकच दरवाजा रुसला असेल तर दरवाजा आणि खांबामधली रबरी नळी सरकवून बघा. उघडझाप होऊन वायर बहुधा तिथंच तुटते. लॉकच्या मोटरला दोन वायरी असतात. लॉक करताना करंट एका दिशेनं, उघडताना उलट. म्हणून टेस्ट लॅम्प (करंट येतो का ते दाखवणारा छोटा दिवा) त्या दोन वायरींमध्येच लावा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. दिवा क्षणभर चमकला तर वायरिंग ठीक, मोटर गेली.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा.