गावच्या वाचनालयात कोणती पुस्तकं घ्यायची, हे कागदावर कसं आणायचं

आपल्या मराठवाड्यात क-ड वर्गाच्या (सरकारच्या अ ते ड श्रेणीतल्या लहान) बऱ्याच वाचनालयांत खरेदी कशी होते तर मार्च जवळ आला, अनुदान खर्ची टाकायचंय, मग ओळखीच्या विक्रेत्याचा गठ्ठा येतो आणि कपाटात बसतो. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मान्यता आणि वर्ग मिळतो, पण आपल्या गावाला काय लागतं ते आपणच ठरवायचं. त्यासाठी पुस्तक निवडीचं दोन पानांचं धोरण पुरतं, फक्त ते कार्यकारिणीच्या ठरावात आलं पाहिजे.

आधी देवघेव रजिस्टर काढा आणि मागच्या वर्षी काय काय गेलं ते बघा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठ्या पण बघा, एकावर शिक्के मारायला जागा नाही आणि शेजारचं आल्यापासून कोरं, हे दिसलं की अर्धं धोरण तिथंच कळतं. शिवाय टेबलावर मागणी वही ठेवा. पोरं-पोरी तलाठी, पोलीस भरतीची तयारी करायलेत, त्यांना जुनी आवृत्ती देऊन काय उपयोग, म्हणून त्या पुस्तकांसाठी खरेदीतला ठरावीक हिस्सा लिहूनच ठेवा. पण सगळा पैसा तिकडं नको, नाहीतर कथा-कादंबरी वाचणाऱ्या बाया आणि लेकरं हळूहळू यायची बंद होतात. बालविभाग, शेती, कायदा, आणि परभणी-नांदेडसारख्या ठिकाणी वाचक असतील तर उर्दू, हे नाव घेऊन लिहा.

निवड एकट्याने करू नका. ग्रंथपाल, एखादे शिक्षक, एक बाई सभासद, एक विद्यार्थी अशी छोटी समिती करा, आणि पुस्तक विकणाऱ्याला किंवा त्याच्या पाहुण्याला त्यात घेऊ नका. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून ग्रंथालयांना पुस्तकांसाठी मदत करतं, तिथून आलेले संच पण नोंदीत धरा म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा विकत घेतलं जाणार नाही.

देणगीचं मात्र कडक ठेवा. वाडा पाडताना माणसं प्रेमाने पोती भरून पुस्तकं आणून देतात, त्यात वाळवी लागलेली पण असतात आणि वाळवी एका कपाटातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही. म्हणून "देणगी स्वीकारायची, ठेवायची की दुसऱ्या वाचनालयाला द्यायची हे समिती ठरवेल" असं वाक्य टाका आणि देणाऱ्याला आधीच वाचून दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आक्षेप. कुणीतरी येऊन म्हणणारच की हे पुस्तक काढा, माणूस वजनदार असला की ग्रंथपाल बिचारा एकटा पडतो. तेव्हा तोंडी तक्रार घ्यायचीच नाही. लेखी अर्ज, पुस्तक पूर्ण वाचलं का, कोणत्या पानावर काय हरकत आहे, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहील, हे भांडण व्हायच्या आधी लिहिलेलं असलं तरच कामाला येतं. एका विचाराची पुस्तकं घेतली तर दुसऱ्या बाजूची पण ठेवायची, हेही त्यातच घाला.

फाटलेली, जुन्या आवृत्तीची पुस्तकं काढताना ठराव करून दाखल रजिस्टरला (आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यात नोंदवतात त्या वहीत) नोंद घ्या, नाहीतर तपासणीत अडचण येते. मग धोरणाची एक प्रत दाराजवळच्या फळ्यावर लावा आणि दरवर्षी सर्वसाधारण सभेत वाचून त्यात बदल करा.