घरखर्चाचा दावा तपासायला निघण्याआधी

'इंदूरच्या राजेंद्र नगरात घरखर्च महिन्याला सरासरी 40,000 रुपये येतो' असं कुणी म्हटलं आणि ते पडताळायचं ठरलं, तर आधी खर्च म्हणजे काय ते ठरवा. इंदूरमध्ये खरा घोळ गव्हाचा होतो. कितीतरी घरांत उन्हाळ्यात वर्षाचा शरबती गहू भरतात. मे महिन्यात विचारलंत तर सगळं बिल त्याच महिन्यावर चढतं, ऑगस्टमध्ये विचारलंत तर गव्हावर शून्य. म्हणून गहू, शाळेची फी, विम्याचा हप्ता यांचा बारावा भाग धरा. भाजी-दुधाचा मात्र गेल्या सात दिवसांचाच हिशेब विचारा, लोकांना तेवढंच नीट आठवतं. सरकारी सर्वेक्षणातला 2023-24 चा शहरी भारताचा 6,996 रुपयांचा आकडा माणशी आहे, त्याची घराच्या खर्चाशी गल्लत नको.

वहीत तारीख टाकून शून्य परिकल्पना, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची ते विधान, लिहा: सरासरी 40,000 आहे. ती फेटाळली तर मानायची ती पर्यायी परिकल्पना 'जास्त आहे' की 'वेगळी आहे', हेही तेव्हाच ठरवा. सार्थकता पातळी, म्हणजे खरा दावा चुकून फेटाळण्याचा धोका, 5 टक्के चालेल. आकडे पाहून यातलं काही बदललं, तर चाचणीला अर्थ उरत नाही.

घरं चिठ्ठ्या टाकून निवडा. दार बंद दिसलं म्हणून शेजारच्यांना विचारू नका, संध्याकाळी पुन्हा जा. दोघंही नोकरीवर जाणारी घरं अशीच गळतात आणि त्यांचा खर्च बहुधा वेगळा असतो.

समजा 36 घरांची सरासरी 43,500 आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे घराघरांतला खर्च सरासरीभोवती किती पसरलाय त्याचं माप, 12,000. त्याला 36 च्या वर्गमुळाने, म्हणजे 6 ने भागलं की प्रमाण त्रुटी 2,000, म्हणजे दुसरी घरं निवडली तर सरासरी साधारण इतकी हलेल. 43,500 आणि 40,000 मधल्या 3,500 च्या फरकाला तिने भागलं की चाचणीचा आकडा, टी, 1.75. दुहेरी चाचणीत, म्हणजे पर्याय 'वेगळी आहे' असा धरला असेल तर, 35 स्वातंत्र्यमात्रांना (घरांच्या संख्येहून एक कमी) टीला 2.03 ओलांडावे लागतात. म्हणजे दावा फेटाळता येत नाही. पण 'दावा सिद्ध झाला' असं कृपा करून लिहू नका! याच घरांवरून 95 टक्के विश्वास-अंतर, म्हणजे खरी सरासरी ज्या पट्ट्यात असू शकते तो पट्टा, साधारण 39,440 ते 47,560 येतं. त्यात 40,000 बसतात, तसे 46,000 सुद्धा. एखाद्या घरी लग्न असेल तर तो एकच आकडा सरासरी वर ओढतो, म्हणून मध्यकही, म्हणजे खर्च चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढून पाहा.

4,000 चा फरक दहातून आठ वेळा तरी पकडायचा असेल, तर इतक्याच विचलनाला 70 च्या वर घरं लागतात. तेवढे हात जमतात का, हे सर्वेक्षणाची तारीख जाहीर करण्याआधी पाहा.