पाऊस तोंडावर असताना युरिया टाकू नका

येत्या दोन दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल, तर आज युरियाचं पोतं फोडू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

ढग भरून आले की वरखताची, म्हणजे उभ्या पिकाला द्यायच्या खताची, घाई सुटते. पाऊस खत मुरवेल, आपली मजुरी वाचेल, असा हिशेब. दहा-बारा मिलिमीटरची रिमझिम झाली तर तो मुरवतोही. पण सऱ्या भरून वाहायला लागल्या की खत बांधाबाहेर गेलंच म्हणून समजा. गुडघाभर झालेला, काळाभोर मका एवढ्या एका घाईपायी पिवळा पडताना मी पाहत आलोय. हंगाम बदलतो, घाई तीच.

यामागची रसायनशास्त्राची बाजू अवघड नाही. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. विरघळलेल्या युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे तो जातो. ओल आणि ऊब मिळाली की मातीतलं युरिएज हे विकर काही दिवसांत त्याचं अमोनियम करतं. अमोनियमवर धनभार आणि चिकणमातीच्या कणांवर ऋणभार, म्हणून ते चिकटून राहतं. पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋणभार असल्याने माती पुन्हा हात सोडते. म्हणजे गळती दोनदा: टाकल्या टाकल्या आणि नायट्रेट झाल्यावर. सगळं खत एकदम दिलं तर दुसऱ्या गळतीला भरपूर माल मिळतो. हप्ते पाडायचे ते यासाठी.

पाऊस आलाच नाही तरी उघडा पडलेला युरिया वाचत नाही. ओलसर जमिनीवर त्याचा अमोनिया होऊन उडतो, चुनखडीच्या रानात तर जास्तच. ओळीत वाकल्यावर नाकाला झोंबलं, तर पिकाचा घास हवेत चाललाय.

म्हणून वाफसा बघा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल. मूठभर माती दाबायची. बोटांतून पाणी निघालं तर थांबा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला तर खत द्या, रोपापासून चार बोटं बाजूला, ५ ते ७ सेंटिमीटर खोल, आणि लगेच मातीआड करा. ही मुठीची परीक्षा कुठल्या पुस्तिकेत नसेल, पण मी तिच्यावरच जातो.

मात्रा मात्र मातीपरीक्षणावरूनच ठरवा, अंदाजाने नको. समजा मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) सांगितलंय. स्फुरदासाठी १३० किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) दिलं तर त्यातूनच २३ किलोच्या वर नत्र मिळतं. मग युरिया २६१ नाही, साधारण २१० किलो पुरतो. हे ५० किलो कुणी वजा करत नाही, आणि विकणारा तर आठवण करून देणार नाहीच.

पाणी साचून पीक पिवळं पडलं की दुकानातून रंगीत बाटली येते, ‘मुळ्या जोमात’ म्हणून. आधी पाणी काढा. साचलेल्या रानात मुळांना ऑक्सिजन नसतो, आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. अशा रानात बाटली ओता नाहीतर युरिया, आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं.

वाहून गेलेलं नत्र संपत नाही. ते विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. त्यावरचं पाणी वापरून बाटलीचं दूध बनवलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते, अंग निळसर पडतं. पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटलं की नायट्रेटचं प्रमाण वाढतं. तळ्यात नत्र आणि मातीबरोबर वाहिलेलं स्फुरद पोचलं की शेवाळ माजतं. ते मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे तरंगतात. पिकाचं पोषण आणि तळ्याचं विष एकच पदार्थ असतो, फरक जागेचा आणि मात्रेचा.

जनावरांना तर धोका दारातच. युरियाचं रिकामं पोतं हौदात धुऊ नका, खताची बादली पाण्याला लावू नका. गाई-म्हशींच्या पोटात युरियाचा अमोनिया झपाट्याने होतो, आणि जनावर काही तासांत जाऊ शकतं. लांबलेल्या उघडीपीनंतर पाऊस झाला की ज्वारी-मक्याच्या ताटाच्या बुडख्यात नायट्रेट साठतं. ती वैरण लगेच कापून घालू नका.

या आठवड्यातली बाकीची कामं:
- चर मोकळे करणे
- खुरपणी, कोळपणी
- नांग्या भरणे (न उगवलेल्या जागी पुन्हा लावणे)
- पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) अळी पाहणे
- पोती फळीवर, कोरड्या जागी

युरिया टाकून झालाय आणि वरून धो धो पाऊस पडला, तर दुसऱ्या दिवशी तेवढंच खत पुन्हा टाकू नका. निचरा होऊ द्या. मग खालची जुनी पानं बघा: टोकाकडून मधल्या शिरेने आत जाणारा पिवळा पट्टा दिसला तर नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर दुखणं बहुधा लोहाचं, तिथे युरिया देऊन काही होत नाही. नत्रच कमी असेल तर २ टक्के फवारणी करा, म्हणजे लिटरला २० ग्रॅम युरिया. ऊन उतरल्यावर, कीटकनाशक न मिसळता. पुढचा हप्ता वाफसा आल्यावर, मातीआड.